विश्लेषण : अंगठा एकच, हिशेब तीन! काम सुटलेल्या माणसाला नेमके काय मिळते?

अपघात, पक्षाघात किंवा मोठ्या आजाराने काम थांबले की घरात पहिला प्रश्न येतो, सरकारकडून काही मिळते का? मिळते. पण किती आणि कुठून, हे इजेपेक्षा माणसाचे नाव कोणाच्या हजेरीपटावर होते यावर अधिक ठरते. कोल्हापूर जिल्ह्यातील कामगार, शेतकरी आणि त्यांच्या कुटुंबांनी समजून घ्यावे असे हे गणित.

समजा, तीन माणसे आहेत. तिघांचे वय ४०, तिघांची कमाई महिन्याला साधारण १५ हजार रुपये आणि तिघांचाही उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. पहिला शिरोली औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात प्रेस मशीनवर होता आणि त्याच्या पगारातून ईएसआयची कपात होत होती. दुसरा इचलकरंजीत पाच-सहा जणांच्या यंत्रमाग शेडमध्ये कामाला होता. तिसऱ्याचा हात स्वतःच्याच गोठ्यासमोर कडबाकुट्टीत अडकला.

पहिल्याला महिन्याला चार हजारांच्या आसपास रक्कम मिळेल, तीही आयुष्यभर. दुसऱ्याचा त्याच्या मालकाकडून एकरकमी ४ लाख ९७ हजार रुपयांचा हक्क आहे. तो हातात पडेल की नाही हे कागदपत्रांवर आणि चिकाटीवर अवलंबून. तिसऱ्याला बहुधा काहीच मिळणार नाही. दिव्यांगांचे मासिक अनुदान ४० टक्क्यांपासून सुरू होते आणि एका अंगठ्याने तेवढा टक्का गाठणे अवघडच. शेतकऱ्यांसाठीची अपघात योजना एक अवयव किंवा एक डोळा गेल्यावर मदत देते. त्या व्याख्येत हात किंवा पाय बसतो, नुसता अंगठा बसत नाही.

एकाच इजेचे हे तीन हिशेब आहेत आणि तिन्ही कायदेशीर आहेत.

असे का होते?

आपल्याकडे ‘काम करता येत नाही’ या एका कारणासाठी सर्वांना लागू होणारा एकही भत्ता नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा अपंगत्व भत्ता देताना ही व्यक्ती किमान वर्षभर तरी पोटापुरते काम करू शकणार आहे का, असे विचारले जाते. ब्रिटनमध्येही कामाची क्षमता तपासण्याची वेगळी पद्धत आहे. त्या पद्धतींविषयी तिथे तक्रारी भरपूर आहेत. पण प्रश्न निदान सर्वांना एकच विचारला जातो.

आपल्याकडे हा प्रश्न फक्त संघटित क्षेत्रातील कामगाराला विचारला जातो. ईएसआयचे वैद्यकीय मंडळ ‘कमाईची क्षमता किती घटली’ ते ठरवते. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत ‘जे काम करू शकत होता ते आता करता येते का’ हे पाहिले जाते. बाकी सगळ्यांसाठी प्रश्न वेगळा असतो : टक्का किती आणि उत्पन्नाचा दाखला किती रुपयांचा? शरीर ४० टक्के दिव्यांग असलेला हिशेबनीस ऑफिसात बसून व्यवस्थित काम करू शकतो. मोल्डिंगवर काम करणाऱ्या फौंड्री कामगाराचे काम मात्र ३० टक्क्यांतही संपते. सरकारी प्रमाणपत्रावर हा फरक कुठेच उमटत नाही. म्हणूनच कोणत्या दारात आधी जायचे हे माहीत असणे महत्त्वाचे ठरते.

ईएसआय लागू असेल तर काय मिळते?

दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत आणि आस्थापनांत दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना राज्य विमा म्हणजे ईएसआय लागू होतो. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५ हजार आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत येथील हजारो कामगारांच्या पगारपत्रकावर ही किरकोळ वाटणारी कपात दिसते. अपघात होईपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही.

कामावर इजा झाली, तर बरे होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो. याला अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही यात धरला जातो, मात्र त्याचा कामाशी संबंध दिसला पाहिजे.

इजा कायमची असेल, तर वैद्यकीय मंडळ कमाईच्या क्षमतेतील घट टक्क्यांत ठरवते. कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेल्यास ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के, पंजा गेल्यास ६० टक्के असे आकडे छापलेलेच आहेत. आता वरचे गणित सोपे होते. महिना १५ हजार म्हणजे दिवसाला ५०० रुपये, त्याचे ९० टक्के ४५०, त्याचे ३० टक्के १३५. दिवसाला १३५ म्हणजे महिन्याला ४ हजार ५० रुपये. हा लाभ आयुष्यभर चालतो. कामगार नंतर दुसरीकडे नोकरीला लागला, तरी तो बंद होत नाही. हे अनेकांना माहीत नसते.

इजा नव्हे, आजार असेल तर? साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षय, कर्करोग, अर्धांगवायू, मूत्रपिंड निकामी होणे अशा ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के दराने ती कमाल दोन वर्षांपर्यंत वाढते. त्यासाठी मात्र वर्गणीची अट आहे. कामाबाहेरच्या कारणाने ४० टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेली, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून पहिले वर्ष वेतनाच्या ५० टक्के आणि दुसरे वर्ष २५ टक्के बेरोजगारी भत्ता आहे. अपंगत्वामुळे नोकरी सुटलेल्या विमाधारकाला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला १२० रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत उपचार सुरू ठेवता येतात.

हे सगळे कागदावर भक्कम आहे. अडचण येते ती नोंदीत. ‘आधी खासगी दवाखान्यात टाके घालून घे, बाकी नंतर बघू’ असे सांगून कामगाराला पाठवले जाते आणि अपघात पुस्तकात नोंदच होत नाही. ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगाराची नोंदणी अपघातानंतर घाईघाईने झाल्याच्या तक्रारीही नवीन नाहीत. अपघात त्याच दिवशी अपघात पुस्तकात नोंदवून घेणे आणि पहिल्या उपचाराच्या कागदावर ‘कामावर असताना इजा’ असे लिहून घेणे, या दोन गोष्टींवर पुढची तीस वर्षे अवलंबून असतात.

पीएफमधील पेन्शन कोणती?

पीएफ कापला जाणाऱ्याला निवृत्तीनंतर पेन्शन मिळते आणि त्यासाठी दहा वर्षे सेवा लागते, हे सर्वांना ठाऊक असते. पण १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत कायमच्या व पूर्ण अपंगत्वासाठी वेगळी तरतूद आहे आणि तिला दहा वर्षांची अट नाही. नोकरीत असताना अपंगत्व आले आणि किमान एक महिन्याची वर्गणी जमा झालेली असली, तरी पेन्शन सुरू होऊ शकते. किमान पेन्शन २०१४ पासून दरमहा १ हजार रुपये आहे. रक्कम मोठी नाही, पण आयुष्यभराची आहे आणि मागे कुटुंब पेन्शनही आहे.

इथेच मोठी चूक होते. पक्षाघात झालेल्या कामगाराचा मुलगा सायबर कॅफेत जातो. ‘सेवा सात वर्षेच आहे, पैसे काढून घ्या’ असा सल्ला मिळतो. पेन्शनचे पैसे काढण्याचा १०-सी अर्ज भरला जातो आणि पेन्शनचा हक्क तिथेच संपतो. अशा वेळी भरायचा अर्ज १०-डी आहे. पीएफमधील जमा रक्कम मात्र कामास कायमची असमर्थता आल्याच्या कारणाने पूर्ण काढता येते, पेन्शनला त्याने धक्का लागत नाही.

छोट्या शेडमधील कामगाराचे काय?

कामगार दहाच्या आत असले की ईएसआय लागत नाही. पण म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ती शंभर वर्षांपूर्वीच मालकावर टाकली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा आणि ईएसआय कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले असले, तरी भरपाईचे मूळ सूत्र तेच आहे : कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला अंक.

वयाच्या चाळिशीला हा अंक १८४.१७ आहे. १५ हजारांचे ६० टक्के ९ हजार, गुणिले १८४.१७ म्हणजे १६ लाख ५७ हजार ५३० रुपये. अंगठ्याचे ३० टक्के धरले, तर ४ लाख ९७ हजार २५९. इचलकरंजीच्या शेडमधील दुसऱ्या माणसाचा आकडा असा येतो. भरपाई महिन्याभरात दिली नाही, तर १२ टक्के व्याज आणि विनाकारण टाळाटाळ केली तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडाची तरतूद होती, म्हणूनच ‘थांबा, बघू’ म्हणणाऱ्या मालकाला वेळेची आठवण करून देणे उपयोगाचे ठरते.

कसोटी लागते ती ‘मी तिथे कामाला होतो’ हे सिद्ध करताना. मीटरवर मजुरी, पगार रोखीने, हजेरी मालकाच्या वहीत आणि अपघातानंतर ती वही सापडत नाही. फोनपे-गुगल पेवर आलेली उचल, व्हॉट्सअॅपवरचा ‘उद्या रात्रपाळीला ये’ असा मेसेज, शेजारच्या मागावरील सोबत्याचा जबाब, हे सगळे पुरावेच आहेत. ते डिलीट करू नयेत. अनेक प्रकरणे वीस-तीस हजारांत ‘मिटवली’ जातात. उपचाराचा खर्च मालकाने केला म्हणजे भरपाई दिली, असे होत नाही. दोन्ही वेगळे आहेत. तडजोड झालीच, तर ती कामगार न्यायालयातील नुकसानभरपाई आयुक्तांपुढे नोंदवावी लागते. स्टँपवर घरी घेतलेल्या सहीने हक्क संपत नाही.

शेतकरी आणि मजूर?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. वहितीधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य, वय १० ते ७५. विजेचा धक्का, सर्पदंश, यंत्राचा अपघात, रस्ता अपघात यांत येतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत करायचा असतो. ही मुदत दवाखान्यातच संपते, हीच या योजनेची अडचण.

पश्चिमेकडील तालुक्यांत गव्यांचा आणि आजरा-चंदगड भागात हत्तींचा वावर आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात कायमचे अपंगत्व आल्यास वन विभागाकडून साडेसात लाखांची भरपाई आहे. ती वेगळी आणि तिला शेतकरी असण्याची अट नाही.

नोंदणीकृत बांधकाम कामगाराला ७५ टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व आल्यास कल्याणकारी मंडळाकडून २ लाख रुपये मिळतात. गवंडी, सेंट्रिंग, फरशी, रंगकाम करणाऱ्यांनी वर्षात ९० दिवस कामाचा दाखला देऊन नोंदणी करता येते. भांड्यांच्या संचासाठी नोंदणी केलेल्यांना तिचा हा उपयोग बऱ्याचदा माहीतच नसतो.

आणि पासबुकात दरवर्षी मेअखेर २० रुपये कापल्याची नोंद दिसते का ते पाहावे. तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. वय १८ ते ७०. अपघातात दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही डोळे किंवा एक डोळा व एक हात वा पाय कायमचे निकामी झाल्यास २ लाख. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. वरील कोणत्याही योजनेसोबत तो मिळतो. बँकेत जाऊन विचारल्याशिवाय मात्र कोणी आपणहून सांगत नाही.

दरमहाचे अनुदान कोणाला?

ज्यांच्यामागे मालक नाही, विमा नाही, त्यांच्यासाठी उरते ती १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना. गावोगाव तिला नुसते ‘संजय गांधी’ म्हणतात. रक्कम ६०० वरून २०१९ मध्ये १ हजार आणि २०२३ मध्ये दीड हजार झाली. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना अडीच हजार रुपये देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये घेतला. त्याआधी जूनमध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरी येथे अन्नत्याग आंदोलन केले होते. त्यांची मागणी महिन्याला ६ हजारांची होती.

खरे तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच, इतरांसाठीच्या योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के अधिक मदत असावी असे म्हटले आहे. तो कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. तरीही २०२५ च्या दसरा-दिवाळीपर्यंत निराधार आणि दिव्यांग यांना रक्कम सारखीच, दीड हजार होती.

अटी अशा : वय १८ ते ६५, किमान १५ वर्षे महाराष्ट्रात वास्तव्य, किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि वार्षिक उत्पन्न दिव्यांगांसाठी ५० हजारांच्या आत. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रातून करता येतो. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना लागू होते. त्यात केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये. हा आकडा २०१२ पासून तेवढाच आहे. उरलेली भर राज्य घालते, म्हणजे लाभार्थ्याला दोन वेगळी अनुदाने मिळत नाहीत.

महिलांनी एक लक्षात ठेवावे. अन्य सरकारी योजनेतून दरमहा दीड हजार किंवा अधिक मिळत असतील, तर लाडकी बहीण योजनेचा लाभ घेता येत नाही. दोन्हीकडे नाव असल्यास पडताळणीत अडचण येते. दिव्यांग महिलेसाठी अडीच हजारांचे अनुदान अर्थातच फायद्याचे.

पैसे आता थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. अनुदान अचानक थांबले, तर कार्यालयात भांडण्याआधी आधार कोणत्या खात्याला जोडलेले आहे ते तपासावे. जुने खाते बंद पडून रक्कम भलत्याच खात्यात गेल्याचे प्रकार होतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ‘जिवंत आहे’ हे दाखवायला रिक्षा करून आणावे लागते, हा त्यातला सर्वांत खुपणारा भाग.

दिव्यांग नाही, पण आजारी आहे, मग?

संजय गांधी योजनेतील कमी माहिती असलेली तरतूद हीच. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या स्त्री-पुरुषांनाही अनुदान मिळते. ‘चरितार्थ चालवता येत नाही’ हे शब्द येणारी सर्वसामान्यांसाठीची ही जवळपास एकमेव जागा. इथे टक्क्याची अट नाही, वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो.

मात्र इथे रक्कम दीड हजार आणि उत्पन्न मर्यादा कुटुंबाची वर्षाला २१ हजार. म्हणजे महिन्याला १ हजार ७५०. घरात एक जण जरी महिनाभर रोजगाराला गेला, तरी ही मर्यादा ओलांडते. दाखला नेमका वीस हजारांचा कसा येतो, हे सगळ्या तहसील कार्यालयांना ठाऊक आहे. मर्यादा वास्तवाला धरून असती, तर लोकांना हा खोटेपणा करावा लागला नसता.

टक्का कोण ठरवतो?

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया, अॅसिड हल्ला हे यांत आले. हृदयविकार, कर्करोग आणि मूत्रपिंड निकामी होणे यांचा मात्र यादीत समावेश नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करणारा माणूस कामावर जाऊ शकत नाही, पण कायद्याच्या भाषेत तो दिव्यांग नाही.

जून २०२१ पासून प्रमाणपत्र ऑनलाइनच मिळते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, रुग्णालय निवडणे, तपासणीची तारीख, मग प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ कार्ड. ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० दरम्यान पिवळे, ८० आणि त्यावर निळे. कोल्हापुरात मुख्य केंद्र सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. चंदगडहून इथे येणे म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास, तोही न चालता येणाऱ्या माणसाला घेऊन. म्हणून अर्जात रुग्णालय निवडताना जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात आपल्या प्रकारची तपासणी होते का, हे आधी विचारून घ्यावे. हाडांची तपासणी होणाऱ्या ठिकाणी मेंदूविकाराची होईलच असे नाही.

पक्षाघातानंतर लगेच टक्का काढला जात नाही. सुधारणा किती होते ते पाहण्यासाठी साधारण सहा महिने थांबतात. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर आहे. पण ईएसआय नसलेल्या घरात हेच सहा महिने सर्वांत कठीण असतात आणि त्या काळासाठी दुर्धर आजाराची वरची तरतूद हाच एक मार्ग राहतो.

सरकारी नोकराला घरी बसवता येते का?

नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आले, तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि पदावनतही करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तसे पद नसेल, तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद निर्माण करायचे. शिक्षक, पोलीस, पालिका कर्मचारी, एसटी आणि केएमटीचे चालक-वाहक या सर्वांनी हे लक्षात ठेवावे. पाय गमावलेल्या सुरक्षा दलाच्या जवानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच, पेन्शन देऊन मोकळे होता येणार नाही असे सांगितले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणातील परिवहन महामंडळाच्या रंगांधळेपणामुळे काढलेल्या चालकालाही न्यायालयाने पर्यायी नोकरी द्यायला लावली. त्यामुळे ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या, मुलाचे बघू’ असे कोणी सांगितले, तर सही करण्याआधी हे कलम वाचावे.

काम सुरू केले तर अनुदान जाते का?

ईएसआयचा कायमचा लाभ जात नाही. संजय गांधीचे जाऊ शकते, कारण तिथे उत्पन्न मोजले जाते. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला ४ हजार १६६. त्याहून थोडे अधिक कमावणाऱ्या दिव्यांगाचे अडीच हजार जातात. पाच हजारांची टेलिफोनवरची नोकरी धरायची की सोडायची, हा प्रश्न मग आळसाचा राहत नाही, हिशेबाचा होतो.

कोल्हापूरला या प्रश्नाची दुसरी बाजूही माहीत आहे. किशोरवयात कमरेखालील संवेदना गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये येथे ‘हेल्पर्स ऑफ दि हॅन्डिकॅप्ड’ संस्था उभी केली. त्यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाने महाराष्ट्राला हे काम कळले. वसतिगृह, शाळा, सिंधुदुर्गातील काजू प्रक्रिया, असा या कामाचा रोख पहिल्यापासून रोजगाराकडे राहिला. ज्याला ‘काम करता येत नाही’ म्हणतात, त्याला पुष्कळदा त्याचे जुने काम करता येत नसते एवढेच. दुसरे काम शिकवायला मात्र वेळ, रॅम्प आणि पैसा लागतो आणि मधल्या काळात घर चालवायला अनुदान लागते. हा मधला काळ आजच्या योजनांत कुठेच धरलेला नाही.

अर्ज नाकारला तर?

आधी नकार लेखी मागावा. टक्का कमी दिला असे वाटले, तर अपील करता येते आणि फेरतपासणी मागता येते. प्रमाणपत्राच्या किंवा हक्काच्या तक्रारीसाठी पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. अनुदानाच्या अर्जाचा निर्णय तालुका समिती घेते. तिची बैठक कधी झाली आणि अर्ज कोणत्या कारणाने मागे राहिला, हे माहिती अधिकारात विचारता येते.

गावातले एक दार राहून जाते. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका या सर्वांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ४० टक्क्यांचे कार्ड असलेल्या प्रत्येकाने आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी ग्रामसेवकाकडे आपले नाव यादीत आहे का ते पाहावे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हा निधी घाईने वाटला जातो, तेव्हा यादीबाहेरच्या माणसाला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते.